मोमोरावांचा कच्चा शिधा

गणपुले काका मटणाच्या दुकानात शिरण्याआधी चष्मा काढून ठेवत.

पायरीपाशी थांबायचे, चष्म्याची घडी घालायचे, तो शर्टाच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावायचे आणि विहिरीत उडी मारणाऱ्या माणसासारखा श्वास भरून आत पाऊल टाकायचे. नंबर एवढा मोठा की चष्म्याविना त्यांना समोर नुसते लाल-पांढरे ढग दिसत. "दिसलं नाही तर बाधत नाही," असं त्यांचं म्हणणं. बरोबर मी असायचो, तो त्यांचे डोळे म्हणून.

"सावंत, समोर ते लाल काय टांगलंय?"

"कॅलेंडर आहे, काका."

"ठीक. पुढे चला."

बहात्तर वर्षांचा हा माणूस जन्मभर शाकाहारी. केकमध्ये अंडं नाही ना, हे बेकरीवाल्याला तीनदा विचारणारा आणि चौथ्यांदा केक न घेताच परत येणारा. तो दर बुधवारी आणि रविवारी सकाळी पुण्याच्या लष्कर भागातल्या त्या गल्लीत का जात असे, हे सांगायचं तर आधी आमचा तिसरा मजला सांगायला हवा.

नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तीन दारं आहेत. डावीकडे मी आणि माझी बायको विद्या. मी हिंजवडीच्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. म्हणजे लोक जी न वाचता कपाटात टाकतात, ती. मधलं दार गणपुल्यांचं. पाटबंधारे खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी कालव्यांचे नकाशे काढले आणि त्यातली एकही रेघ वाकडी गेली नाही, असं ते स्वतःच सांगत. कालवे वाकडे गेले, पण तो ठेकेदारांचा प्रश्न. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एकदा मी विचारून बसलो. "तुम्ही का केलंत, ते आधी सांगा," असं म्हणून ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला खरंच विचार करावा लागला.

उजवीकडचं घर भाड्याचं. तिथे श्वेता राहायला आली. यवतमाळची मुलगी, नोकरी हिंजवडीतच. तिच्याबरोबर मोमो नावाचा कुत्रा आला. रंगाने पिवळट, तोंडाने लॅब्रॅडॉर, शेपटीने अगदी गावठी. श्वेता सकाळी साडेसातला कंपनीची बस पकडायची आणि आठला मोमो भुंकायला लागायचा.

तिसऱ्या दिवशी गणपुल्यांनी लेखी तक्रार दिली. सेक्रेटरीकडे नाही, थेट श्वेताच्या हातात. ती बिचारी दारातच रडायला लागली.

"काका, तो एकटा राहूनच नाही राहिला!"

"राहून नाही राहिला? म्हणजे राहतो की राहत नाही?"

"नाही राहत, काका."

"मग तसं म्हणा. आणि रडू नका, मी तक्रार दिली आहे, नोटीस नाही."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी दार उघडलं तर गणपुले काका श्वेताच्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसलेले, आणि पेपर मोठ्याने वाचतायत. आतून हूं नाही की चूं नाही. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदाला झोप लागते," ते हळूच म्हणाले. "कोणालाही लागेल. मी आवाज बंद करण्याचा उपाय करतोय. माया वगैरे काही समजू नका."

मी काहीच समजलो नव्हतो. पण हा उपाय पुढे पाच महिने रोज चालला, रविवार सोडून.

मग श्वेताला कंपनीने जर्मनीला पाठवायचं ठरवलं. तीन महिन्यांसाठी. कुत्रा कुठे ठेवायचा यावरून ती आठवडाभर फोन करत होती. शेवटी गणपुलेच तिच्या दारात जाऊन उभे राहिले. "तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. नव्वद दिवस मी कोणालाही सहन करू शकतो," ते म्हणाले. "दिलेली वस्तू दिली तशी परत मिळेल."

मोमो मधल्या दारात राहायला गेला. त्या दिवसापासून त्याचं नाव मोमोराव झालं. काका त्याला अहो-जाहो करायचे. "मोमोराव, यावं." "मोमोराव, पायपुसण्यावर बसा, सतरंजीवर नको." मी हसलो तेव्हा त्यांनी मला समज दिली, "परक्याचा कुत्रा आहे. त्याला अरे-तुरे करायचा मला काय अधिकार?"

सगळं ठीक चाललं असतं, पण महिन्याभरात मोमोराव खाजवायला लागले. पोट लाल झालं, कानात घाण साचायला लागली, पाठीवरचे केस झडून खाली गुलाबी कातडी दिसायला लागली. श्वेताने कुत्र्यांच्या विकतच्या कोरड्या दाण्यांच्या पाच पिशव्या ठेवल्या होत्या. काका तेच दाणे मोजून देत होते. डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या झाल्या, मलम झालं, औषधी अंघोळी झाल्या. आठवडा बरा जायचा, पुन्हा खाजवणं सुरू. काकांनी गळ्याभोवती पुठ्ठ्याची कॉलर करून घातली, त्यावर मापं लिहून. पण त्यांची झोप उडाली होती. नव्वद दिवसांतले चाळीस गेले होते आणि वस्तू दिली तशी राहिली नव्हती.

चौथ्या फेरीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बहुतेक खाण्याचं आहे. खाणं बदलून बघू. मग त्यांनी दोन-चार मार्ग सांगितले. त्यातला एक होता घरी, कच्चं, नैसर्गिक खाणं. "पण गणपुले, ते तुम्हाला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यात मांस आहे, हाडं आहेत, स्वच्छता फार सांभाळावी लागते. सगळ्या कुत्र्यांना ते मानवतं असं नाही आणि सगळ्या डॉक्टरांना पटतं असंही नाही. आपण सोपं काहीतरी बघू."

बाईंनी एवढं एकच वाक्य चुकीचं उच्चारलं. 'तुम्हाला जमणार नाही' हे गणपुल्यांना खात्यातल्या कोणी साहेबाने कधी म्हटलं असेल, तर तो साहेब पुढे स्वतःच बदली मागून गेला असेल.

पंधरा दिवस त्यांनी नुसतं वाचन केलं. पुस्तकं, छापून घेतलेले लेख, डॉक्टरीणबाईंचे सल्ले, सगळ्यांवर शिसपेन्सिलीने खुणा. आणि मग एका संध्याकाळी बेल वाजली.

"सावंत, तुम्ही मांसाहार करता ना?"

"करतो. पण शिजवून."

"खरेदी कच्चीच करता ना? मग झालं. बुधवारी सकाळी सात वाजता तयार राहा."

विद्या म्हणाली, "काका, निदान उकडून तरी द्या त्याला. कच्चं कसं खाईल?"

काकांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लांडग्याच्या घरी गॅस होता का, विद्याताई?"

हे वाक्य पुढे आमच्या इमारतीत म्हणीसारखं झालं. दूधवाला, इस्त्रीवाला, तळमजल्यावरच्या आजी, ज्याने ज्याने 'कच्चं?' असं विचारलं त्याला हेच उत्तर मिळालं.

लष्करातल्या त्या दुकानाचे मालक इक्बालभाई. त्यांच्या पणजोबांपासून सगळे पुण्याचेच, आणि बोलणंही अस्सल पुण्याचं. पहिल्या दिवशी त्यांनी काकांचा चष्म्याचा विधी शांतपणे पाहिला.

"चष्मा विसरलात का, आजोबा?"

"विसरलो नाही. काढलाय. तुमचं दुकान दिसू नये म्हणून."

"उत्तम. मग उधारी बंदची पाटीही दिसणार नाही. काय देऊ?"

काकांनी खिशातून कागद काढला, नाकाला टेकवून वाचायला लागले. "चरबी कमी असलेलं मांस. कोंबडीच्या माना. वजडी, म्हणजे जठर, न धुतलेली असल्यास उत्तम. कलेजी, अल्प. गुर्दे, अल्प."

इक्बालभाई तराजू सोडून दोन पावलं पुढे आले. "घरी काय कार्य आहे?"

"कुत्रा आहे."

"तुमचा?"

"नाही. शेजारणीचा."

"आणि शेजारीण?"

"जर्मनीत."

इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यांनी सुरीला धार लावली आणि पोराटोरांना सांगतात तसं समजावून सांगितलं, कुठला तुकडा मऊ, कुठलं हाड कुत्र्याच्या घशाला धोक्याचं, वजडी कशी ठेवायची. काका सगळं वहीत टिपून घेत होते, न बघता, आंधळेपणाने, एका ओळीवर दुसरी ओळ. घरी आल्यावर ते टिपण मलाच पुन्हा सांगावं लागलं.

घरात तयारी नकाशाबरहुकूम झाली. गॅलरीत दुसरा छोटा फ्रिज आला. त्यावर काकांच्या टाकाच्या अक्षरात 'मोमोराव' अशी चिठ्ठी. वेगळा पाट, वेगळी सुरी, वेगळी फडकी. मांसाचे भाग करताना काका खात्यातून मिळालेला जुना रेनकोट घालत, डोक्याला टोपी, हातात रबरी मोजे, नाकाला रुमाल. आत कापूर जळत असायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे एकतर शस्त्रक्रिया चाललीय नाहीतर होम. काम झालं की ओटा उकळत्या पाण्याने दोनदा धुवायचा, मग अंघोळ, मग चहा. भिंतीवर तक्ता: वार, सकाळ, संध्याकाळ, मांस, हाड, अवयव, भाजी, वजन, शौच. शेवटच्या रकान्यात इतकं बारीक वर्णन असे की तो तक्ता पाहून चहा घ्यायची इच्छा जायची.

पहिल्या जेवणाला मी हजर होतो. काकांनी भांडं ठेवलं. "घ्यावं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागून कोंबडीची मान कडकड चावल्याचा आवाज आला. काकांच्या मानेवर काटा आलेला मला दिसला.

"खातायत का?"

"चाटून पुसून, काका."

"ठीक," ते भिंतीला म्हणाले. "उद्या मी वळून बघेन."

आणि बघितलं. तिसऱ्या दिवशी खाली वाकून, हाड नीट चावतायत की गिळतायत, हे तपासत होते.

दोनेक आठवड्यांनी सोसायटीत कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी पेंडसे मुळात भला माणूस, पण त्याला रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायला लागतं. मीटिंगमध्ये त्याने विषय काढला: तिसऱ्या मजल्यावर कच्च्या मांसाचा वास येतो, अशी तोंडी तक्रार आहे.

"लांडग्याच्या घरी..." काका सुरू झाले.

"गॅस नव्हता, माहीत आहे," पेंडसे म्हणाला. "पण फ्रिज तरी होता का?"

सगळे हसले.   काका उठले. "माझ्याबरोबर चला. तिघं चला, आत्ता. वास कुठे येतो ते नाक लावून दाखवा. सापडला तर कुत्रा आजच्या आज बाहेर ठेवतो."

तिघं गेले. मी मागोमाग. पेंडशाने ओट्याचा वास घेतला, सिंकचा घेतला, फ्रिज उघडून घेतला. आत ओळीने बंद डबे, प्रत्येकावर तारीख. कुठे काही नाही. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो एकदम थबकला. "इथे! इथे येतोय!"

काकांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. "मुळ्याची भाजी आहे. माझी. हीपण बंद करायची असेल तर लेखी द्या."

रजिस्टरमध्ये नोंद झाली: 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.' जाताना पेंडसे मोमोरावांच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. काकांनी स्वतः तोवर कधी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही.

पण सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. पाचव्या आठवड्यात एका शनिवारी मोमोरावांना उलट्या-जुलाब लागले. दुपारपर्यंत ते उठून उभेही राहीनात. काका, मी आणि चादरीत गुंडाळलेले मोमोराव असे रिक्षाने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सलाईन लावलं. बाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्या आठवड्यात कलेजी भलतीच जास्त गेली होती. काकांनी घरीही चष्मा काढून, ढगात बघूनच डबे भरले होते. गुर्दे म्हणून ठेवलेले दोन डबेही कलेजीचेच होते. शिवाय तो माल घरी यायला उशीर झाला होता, आणि त्याचा रंग बदललेलाही कोणी पाहिला नव्हता. नेमका त्या बुधवारी मी बरोबर नव्हतो. ऑफिसची मीटिंग होती.

"चूक माझी आहे, काका," मी म्हणालो. "मी यायला हवं होतं."

"तुमची कशी? डोळे मला आहेत." ते सलाईनच्या थेंबांकडे बघत होते. "आपण न बघता एखाद्याला खायला घालायचं, हा उद्धटपणा आहे, सावंत."

संध्याकाळपर्यंत मोमोराव सावरले. घरी आल्यावर तक्त्यावर त्या दिवसाच्या पूर्ण ओळीत लाल शाईने लिहिलं गेलं: 'चूक माझी. भा. गणपुले.' खाली सही.

पुढच्या बुधवारी पायरीपाशी मी सवयीने थांबलो. काका थांबले नाहीत. चष्मा नाकावर तसाच. आत गेले आणि पहिल्यांदाच त्यांनी ते दुकान पूर्ण पाहिलं. आकडे, त्यावर टांगलेलं सगळं, लाकडाचा ओंडका, खालची बादली. चेहरा पांढराफटक पडला. इक्बालभाईंनी हातातलं काम टाकून स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, आजोबा. जमत नसेल तर मी स्वतः निवडून देतो. शप्पथ, माझ्या घरी देतो तसं देईन."

"तुमच्यावर विश्वास आहे," काका उभ्यानेच म्हणाले. "पण ती कलेजी मला हातात घेऊन बघू दे. ताजी कशी ओळखायची, ते शिकवा."

इक्बालभाईंनी शिकवलं. रंग, चकाकी, बोटाने दाबल्यावर वर येणं. त्या दिवसानंतर मला काही काम उरलं नाही. मी नुसता सोबतीला जायचो. आणि काका तिथे उभं राहून दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "तो तुकडा घेऊ नका, कालचा आहे." इक्बालभाई म्हणाले, "आजोबा, तुम्ही चष्म्याविना येत होतात तेच बरं होतं. आता पारखी झालात, माझा धंदा बसेल."

तीन महिन्यांत मोमोरावांच्या पाठीवर लव आली. पाच महिन्यांत अंगावर असं तेज आलं की फिरायला नेल्यावर लोक थांबवून विचारायचे, कुठला साबण? कान स्वच्छ, दात पांढरे. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तक्ता पाहिला आणि शौचाच्या रकान्यापाशी थांबून म्हणाल्या, "गणपुले, मी चुकले. तुम्हाला जमलं." काकांनी त्यांना एवढंच विचारलं, "हे लेखी मिळेल का?"

श्वेताचे तीन महिने मात्र सहा झाले, सहाचे चौदा. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची, काका फोन मोमोरावांच्या नाकासमोर धरायचे. शेवटी तिची बदली बंगळुरूला झाली. तिथे बाग असलेलं घर मिळालं. 'मी न्यायला येतेय,' असा तिचा मेसेज आला, आणि काका तो घेऊन माझ्याकडे आले.

"सावंत, तुम्ही माहितीपुस्तकं लिहिता. एक लिहायचंय."

आम्ही तीन रविवार बसलो. बावीस पानं झाली, आकृत्यांसकट. 'मोमोराव: आहार व व्यवस्था'. मी कापायला बघायचो, ते वाढवायचे. "हे कशाला, काका? 'पाच मिनिटांत देतो असे सांगितल्यास पाच मिनिटांतच द्यावे.' हा काय आहार आहे?" "ते घड्याळ ओळखतात," ते म्हणाले. ते वाक्य राहिलं. 'शिजवलेले हाड कदापि देऊ नये' हे तीन ठिकाणी आलं, तिन्ही ठिकाणी अधोरेखित.

श्वेता आली त्या सकाळी मोमोरावांनी तिला जिन्यातच ओळखलं. तिच्या अंगावर उड्या, रडणं, शेपटीचे तडाखे. बराच वेळ हे चाललं होतं. मग ती डोळे पुसत म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाल तं मी त्याला इथेच..."

"भलतंच काय," काका म्हणाले. "कुत्रा तुमचा आहे."

बर्फ घातलेल्या पेटीत तीन दिवसांचे डबे, वर बावीस पानं. गाडी निघाली. काकांनी हात केला नाही. म्हणाले, "चला, उन्हं व्हायच्या आत पोचतील खंबाटकी घाटाच्या पलीकडे," आणि जिना चढायला लागले.

पुढच्या बुधवारी ते इक्बालभाईंकडे गेले. आता यायचं नाही, एवढं सांगायला. इक्बालभाईंनी चहा मागवला आणि दोघं दुकानाच्या पायरीवर बसून प्यायले. इक्बालभाईंनीच नंतर मला हे सांगितलं.  "कप स्वतः धुऊन ठेवला," ते म्हणाले.

मग आला तो रविवार. गॅलरीतला फ्रिज काढून टाकायचा होता, म्हणून काकांनी मला बोलावलं होतं. दुपारचा एक वाजत आला होता. आम्ही फ्रिज खोलीत ओढून आणतोय तोच श्वेताचा फोन. काकांचे हात मोकळे नव्हते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, मोमो खाऊनच नाही राहिला! चार दिवस झाले. थोडंसं चाटतो आणि दारापाशी जाऊन बसतो."

या वेळी काकांनी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. फ्रिज तसाच सोडून खुर्चीवर बसले. "पान सात. वितळवणं?"

"तसंच केलं."

"पान नऊ. भांडं स्टीलचं? थंडगार नाही ना देत?"

"नाही काका. सगळं सेम टू सेम. इथल्या डॉक्टरला दाखवलं, टेस्ट झाल्या, काहीच नाही निघालं. ते म्हणतात, जागा बदलली म्हणून असेल. पण तो बारीक होऊन राहिला ना, काका..."

काकांनी फोन उचलून हातात घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सावंत, जरा गॅलरीत जाता का?"

मी गेलो. पण गॅलरी ती केवढी. सगळं ऐकू येतच होतं.

"श्वेता," ते म्हणाले. तिला त्यांनी नुसत्या नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. "तू जेवलीस का?"

"मी? नाही अजून. मी जेवते नंतर, लॅपटॉपपाशी."

"तसं नको. आत्ता ताट वाढून घे. नीट, भाजी, पोळी, जे असेल ते. त्याचं भांडं ठेव आणि त्याच्याजवळ जमिनीवर मांडी घालून बस. पहिला घास तू घे. त्याच्याकडे बघायचं नाही. आपण आपलं जेवायचं, आणि मधूनमधून बोलायचं."

"काय बोलू, काका?"

"काहीही. आज भाजीत मीठ जास्त पडलंय. डावा गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे. असं. लागतं काय बोलायला?"

फोनमधून ताटाचा आवाज आला, मग तिचं बसणं. ती काहीतरी बोलत होती, ऑफिसबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल. काका स्पीकरवरचा फोन हातात धरून डोळे मिटून ऐकत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग फरशीवर स्टीलचं भांडं सरकल्याचा बारीक आवाज झाला, आणि पाठोपाठ हाड चावल्याचा.

श्वेता रडायला लागली.

"रडू नको," काका म्हणाले. "रडलीस तर खायचा थांबेल तो. जेव तू." आणि त्यांनी फोन बंद केला.

मी आत आलो. म्हणालो, "काका, हे आपल्या पुस्तकात नाही."

"नाही."

"एवढं महत्त्वाचं, आणि बावीस पानांत कुठेच नाही?"

ते उठून ओट्यापाशी गेले. "आधी मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसायचो. हाड अडकू नये म्हणून. मग म्हटलं, नुसतं काय बसायचं, आपलंही ताट घ्यावं." त्यांनी ओट्यावरून फडकं फिरवलं. "चाळीस वर्षं मी ओट्यापाशी उभ्याने जेवतोय, सावंत. पातेल्यातच. एकट्यासाठी ताट कोण खराब करतो? हे काय छापायचं?"

ओट्यावर आमटीभाताचं पातेलं होतं आणि त्यात चमचा उभा होता.

मी विद्याला फोन केला. म्हटलं, माझं पान मांडू नकोस, मी काकांकडे जेवतोय. चार पोळ्या आणि भाजी तेवढी दाराशी आणून दे.

"तुम्हाला जेवायला कोणी बोलावलंय?" काका म्हणाले.

"कोणी नाही."

"भात एकाचाच आहे."

"पोळ्या येतायत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फडताळातून दोन ताटं काढली, दोन्ही पुसली, आणि जमिनीवर मांडायला वाकले. वाकताना गुडघा धरला. मी ताटं त्यांच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. त्यांनी पातेलं आणलं, भाताचे दोन ढीग केले, माझ्याकडचा थोडा मोठा.

"बसा," ते म्हणाले.